फटक्यांचा कायदा

बापूसाहेब,

तिरडीवर बांधताना तुमचा उजवा हात सरळ होईना. गेली नऊ वर्षं तो कोपरापासून वाकडाच होता, आणि अंग थंड झाल्यावर तर लाकडासारखा छातीवर आडवा होऊन बसला. धारेतल्या तुमच्या घरापुढच्या ओट्यावर चौघांनी मिळून तो दाबून पाहिला. एकानं तर गुडघा टेकवला. आतून कटकन आवाज आला तेव्हा मी ओरडलो, "सोडा! आहे तसा राहू द्या!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "रहने दो भिया, पुराना आदमी है उनका."

मी तुमचा जुना माणूस. तुमचा लेखनिक. नवा कुणी आला की तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचात, हा सखाराम, माझा उजवा हात.

शोकसभेत सहा जण बोलले. संस्थानी काळातलं कायदेमंडळ, तिथली तुमची भाषणं, तुमचा करारी स्वभाव, तुमच्यावर झालेला भ्याड हल्ला. खोटं कुणीच बोललं नाही. पण फटक्यांचा कायदा तुम्हीच आणला होता, हे एकानंही सांगितलं नाही. तुम्ही असतात तर ताडकन उभे राहिला असतात. घरी येणाऱ्या परक्या माणसालाही, चहाचा कप हातात पडायच्या आत, तुम्ही स्वतः ते सांगून टाकत होतात. म्हणून मी लिहायला बसलो. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. आता रागवायला तुम्ही नाही.

आपलं कुंडगढ संस्थान आता नकाशावर शोधून सापडत नाही, धार जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात विरून गेलं. पण तेव्हा तिथे राजे होते, तुरुंग होता, आणि इंग्रज साहेबाला दाखवायला म्हणून पंधरा सभासदांचं कायदेमंडळही होतं. त्यात बहुतेक जहागीरदार ठाकूर. तुम्ही वकील म्हणून नेमलेले. माझे आजोबा राजांच्या पागेत, वडील तुरुंगात शिपाई, आणि मी मराठी सातवी करून त्याच तुरुंगात जमादार. तालमीतला खांदा होता माझा. त्यामुळे तुमचा कायदा झाल्यावर वेताची छडी माझ्याच हातात आली.

कायदा तुम्ही दयेपोटी आणला होता, हे मला फार पुढे कळलं. जंगलातून लाकूड तोडलं म्हणून भिल्लांना सहा-सहा महिने आत टाकायचे. मागे बायकामुलं उपाशी मरायची. तुम्ही सभेत म्हणालात, माणूस सहा महिने सडवण्यापेक्षा दहा-पंधरा फटके द्या आणि घरी पाठवा. ठाकूर म्हणाले, मंजूर, पण वेठीला न येणाऱ्यालाही हेच कलम लावा. मजुरीशिवाय राबायला जो नकार देईल त्यालाही फटके. तुम्ही थोडे अडलात, मग मान हलवलीत. एवढं मान्य केल्याशिवाय बाकीचा कायदा झाला नसता, असं तुम्ही मला पुढे देवासला सांगितलंत. पण मला आठवत होतं, ज्यांच्या पाठी मी फोडल्या त्यांत लाकूडतोडे थोडे होते. बाकी सगळे वेठीचे होते.

तुमची माझी पहिली गाठ तुरुंगातच पडली. मंडळाचे सभासद म्हणून तुम्ही पाहणीला आलात. भटारखाना पाहिलात, विहीर पाहिलीत, आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलंत, स्वच्छता समाधानकारक. मी फाटकापर्यंत पोचवायला आलो होतो. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं. हाताला रक्ताचा वास यायचा, राखेनं घासला तरी जायचा नाही. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो,

"साहेब, कायदा तुम्ही केलात ना?"

"हो."

"मग एकदा बघा तरी. पाप आमच्या हाताला आणि टाळ्या तुम्हाला, हे बरं नाही."

दरोगा माझ्यावर धावूनच आला. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत आणि मला विचारलंत, "कधी आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. पांढरा कोट, पगडी, सोनेरी काड्यांचा चष्मा. अंगणात तीन वाशांचं तिकाटणं उभं केलेलं, त्याला नानका भिल्लाचे हातपाय बांधलेले. पंचविशीचा असेल. कोटड्याच्या ठाकुराकडे शिकारीचे पाहुणे आले होते, त्यांचं सामान वाहायला त्यानं नकार दिला होता. बायको बाळंत होत होती म्हणून. पंधरा फटक्यांची शिक्षा.

पहिल्याला तो बोलला नाही. दुसऱ्याला बोलला नाही. चौथ्याला कातडं फुटलं. पाचव्याला छडी ओली झाली आणि माझ्या तोंडावर शिंतोडे आले. मग तो ओरडायला लागला. ते ओरडणं माणसाचं वाटत नव्हतं, पोटातून काहीतरी ओढून काढल्यासारखं. सातव्याला तुम्ही म्हणालात, "थांबा."

मी थांबलो. दरोगा अदबीनं म्हणाला, "साहेब, कायद्यात मध्ये थांबायचं कलम नाही. आपणच लिहिलंय."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली पाहिलंत. बापूसाहेब, तेव्हा तुम्ही पुन्हा एकदा थांबा म्हणाला असतात तर मी छडी फेकून दिली असती. तुम्ही म्हणाला नाहीत. मी उरलेले आठ मारले, आणि खोटं कशाला बोलू, ते मी नानकाला मारलेच नाहीत. तुमच्याकडे बघत मारले.

नानकाच्या जखमा चिघळल्या. अकराव्या दिवशी तो गेला. तुम्ही मलम आणि तांदूळ घेऊन त्याच्या पाड्यावर गेलात. त्याची बायको जमनी तान्हं पोर मांडीवर घेऊन बसली होती. ती तुम्हाला एवढंच म्हणाली, "अब कंई लेवा आया?" आता काय न्यायला आलात? ते वाक्य तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत. तापात बरळतानाही तेच म्हणत होतात, असं तुमच्या पत्नीनं, माईंनी सांगितलं.

पुढच्या बैठकीत तुम्ही कायदा रद्द करायचं विधेयक आणलंत. मी बंदोबस्तावर दाराशीच उभा होतो. तुम्ही म्हणालात, "हा कायदा मी लिहिला. मी चुकलो. एका माणसाचा जीव घेऊन मला हे कळलं." कोटड्याचा ठाकूर मांडीवर थाप मारून हसला. "वकीलसाहब का जी कच्चा हो गया!" सगळं सभागृह हसलं. कुणीतरी तुमच्या अंगावर पानाची पिचकारी टाकली. कोटावर लाल डाग घेऊन तुम्ही तसेच उभे राहिलात. मला वाटलं, हा माणूस आता कोसळेल. तुम्ही आवाज चढवलात. म्हणालात, पुढच्या बैठकीत मी साक्षीदार उभा करीन. तुरुंगाचा जमादार सखाराम येऊन सांगेल, कुणाकुणाला कशासाठी फटके दिले, आणि किती जण त्यातून उठले नाहीत.

तुम्ही मला विचारलं नव्हतं. एका शब्दानं विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ठाकुराचा कारभारी माझ्या घरी आला. खाटेवर बसला, माझ्या मुलीला जवळ बोलावून तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "जमादार, तेरे भाई की जमीन कोटड़े में है ना?" भावाची जमीन, त्याचं घर, त्याच्या बायकोची अब्रू, सगळं त्यानं सावकाश बोलून दाखवलं. मग काम सांगितलं. जीव घ्यायचा नाही. फक्त लिहायचा हात. दोन माणसं त्याची, तिसरा मी. "तू मारेगा तो गवाही कैसे देगा? समझा?"

समजलो. मी हो म्हणालो. भावासाठी म्हणालो, हे खरं आहे. पण तुमच्यावरचा राग मला त्या होकारात उपयोगी पडला, हेही खरं आहे. नऊ वर्षं मी पहिलंच तेवढं स्वतःला सांगत आलो.

तुम्ही पहाटे तळ्यावर आंघोळीला यायचात. त्या दिवशी पायऱ्यांवर धुकं होतं. ओलं धोतर पिळत तुम्ही स्तोत्र म्हणत होतात, चष्मा काढून वरच्या पायरीवर ठेवलेला. आमची तोंडं फडक्यांनी बांधलेली. एकानं तुमच्या तोंडावर हात दाबला, दुसऱ्यानं तुम्हाला आडवं पाडून उजवा हात पायरीच्या कडेवर धरला. माझ्या हातात लोखंडी कडी बसवलेली काठी होती. पहिल्या घावाला हाड मोडलं. दुसऱ्याला कोपर फुटलं, पांढरं काहीतरी बाहेर आलं. कारभाऱ्याची माणसं म्हणाली, "बस, हो गया." मी तिसरा मारला. दोन घाव त्यांचे होते. तिसरा माझा. मला न विचारता माझं नाव घेतल्याचा.

तुम्ही माझ्या डोळ्यांत पाहिलंत. चष्मा नव्हता तुम्हाला. तुम्ही ओळखलंत की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पायरीवरून रक्त तळ्याच्या पाण्यात उतरत होतं, आणि पळता पळता तुमचा चष्मा माझ्या पायाखाली फुटला.

विधेयक मंडळात पुन्हा आलंच नाही. इंदूरच्या दवाखान्यातून तुम्हाला देवासला, तुमच्या अक्कांकडे नेलं. मी महिन्याभरात नोकरी सोडली. घरी सांगितलं, छडी उचलत नाही आता. खरंच उचलत नव्हती. आणि एक दिवस देवासला येऊन अक्कांच्या दारात उभा राहिलो. का आलो, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पाय धरून सगळं बोलून टाकायचं ठरवलं होतं एवढं आठवतं.

तुम्ही ओसरीवर हात गळ्यात बांधून बसला होतात. मला पाहून म्हणालात, "नोकरी का सोडलीस?"

"छडी उचलत नाही, बापूसाहेब."

तुमचे डोळे भरून आले. डाव्या हातानं मला जवळ ओढलंत आणि म्हणालात, "एक तरी माणूस बदलला रे." माईंनी ताट वाढलं. मी जेवलो.

देवासचं गाव तेव्हा दोन राजांत वाटलेलं. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. तुम्ही हसून म्हणायचात, "इथे रस्ता ओलांडला की राज्य बदलतं, मारेकऱ्यांची सोय आहे." त्याच ओसरीवर तुम्ही डाव्या हातानं लिहायला शिकत होतात. अक्षरं किड्यांसारखी पसरायची. तुम्ही टाक भिंतीवर फेकायचात, शिव्या द्यायचात, दोन दिवस कुणाशी बोलायचा नाहीत. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही सांगा, मी लिहितो. माझं अक्षर बरं आहे."

पहिलाच मजकूर होता हल्ल्याच्या तपासाचा अर्ज. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. "पहाटेच्या सुमारास अज्ञात इसमांनी..."

मी थांबलो. "अज्ञात लिहू?"

"दुसरं काय लिहिणार? तोंडं बांधलेली होती."

मी लिहिलं. त्यानंतर किती अर्ज लिहिले! दिवाणाला, मग राज्य गेल्यावर नव्या सरकारला, मंत्र्यांना, पोलीस कप्तानाला. प्रत्येकात अज्ञात इसम, माझ्या वळणदार अक्षरात. प्रत्येक तारखेला तुमच्याबरोबर कचेरीतही मीच. साक्षीदार नाही म्हणून प्रकरण बंद, असा कागद आला तेव्हा तो तुम्हाला मीच वाचून दाखवला.

माझं नाव न विचारता का दिलंत, हे मात्र मी एकदा विचारलं होतं. देवासलाच. तुम्ही म्हणालात, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो. माझा भाऊ कोटड्यात होता."

"विधेयक त्याच बैठकीत पडलं असतं, सखाराम. कायदा मोठा की तुझा भाऊ?"

मी दौत उचलून भिंतीवर आपटली. "तुमचा भाऊ असता तर?" तुम्हीही उठलात, डाव्या हातानं माझ्या कानाखाली वाजवलीत. माई मध्ये पडल्या. संध्याकाळी तुम्ही स्वतः ओल्या फडक्यानं भिंतीवरची शाई पुसत होतात आणि मी पाणी आणून देत होतो. पण तो वाद संपला नाही. तुम्ही चुकला होतात, असं मी आजही म्हणतो. कायदा करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं घर फार लहान दिसतं. फक्त तुमच्या चुकीबरोबर माझी मांडून ठेवायची माझी लायकी नाही.

संस्थानं विलीन झाली आणि कुंडगढबरोबर फटक्यांचा कायदाही मेला. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. तुम्ही दिवसभर जेवला नाहीत. "मी रद्द करायला हवा होता," म्हणालात, "तो आपोआप मेला. नानकाला काय सांगू?" मग आपण धारेला आलो. तुम्ही वकिली पुन्हा सुरू केलीत, मी समोरच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत तेही लिहायला हवं. मुलीची शाळा मी बंद केली तेव्हा तुम्ही माझ्या उंबऱ्यावर येऊन बसलात आणि म्हणालात, ती शाळेत जाईपर्यंत तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. वैशाखाचं ऊन, तुमची जीभ कोरडी पडलेली. दुपारी मीच हरलो. आज ती हाटपिपल्याला मास्तरीण आहे. तुम्ही गेल्याचं कळल्यावर दोन बस बदलून आली आणि माझ्याआधी तीच रडली. तिच्या केसांवरून कारभाऱ्यानं हात फिरवला होता त्याला जितकी वर्षं झाली, तितकीच वर्षं तिचा बाप तुमच्या घरी खोटं बोलत होता. तिला ते माहीत नव्हतं.

आणि ती निवडणूक. पहिलीच निवडणूक, तुम्ही अपक्ष, समोर कोटड्याचा ठाकूर. बाजाराच्या दिवशी आपण बैलगाडीवर उभं राहून सभा घेतली. ठाकुराच्या माणसांनी भिल्लांना आधीच सांगून ठेवलं होतं, कोड़े का कानून इसी वकील ने बनाया. एकानं ओरडून विचारलं, "सच है?"

मी तुमच्या कानात म्हणालो, नाही म्हणा. तुम्ही म्हणालात, "सच है."

पहिला दगड बैलाला लागला. गाडी उलटली. आपण दोघं चिखलात. तेवढ्यात गर्दीतून जमनी पुढे आली. तिनं तुमच्याकडे बघितलंही नाही. मला बघितलं. "इनेज मार्यो! म्हारा घरवाला के इनेज मार्यो!" यानंच मारलं माझ्या नवऱ्याला. मग सगळे माझ्यावर आले. लाथा, काठ्या, दगड. माझी बरगडी मोडली, एक दात घशात गेला. जमनी माझ्या छातीवर बसून दोन्ही मुठींनी माझं तोंड ठेचत होती, आणि मला वाटत होतं, होऊ दे, आज संपू दे.

तुम्ही माझ्यावर आडवे पडलात. एका हाताचा म्हातारा माणूस. तुमच्या पाठीवर काठ्या पडत होत्या आणि तुम्ही ओरडत होतात, "इसको मत मारो! हाथ इसका था, हुकुम मेरा था!" जमनी थांबली. तुमच्या तोंडावर थुंकली आणि उठून गेली. तिच्यामागे बाकीचेही गेले.

चिखलात पडल्यापडल्या मी म्हणालो, "बापूसाहेब, मला तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "आधी टांगा बघू. बोलू नकोस, रक्त येतंय." नंतर मी बोललो नाही. तुम्ही निवडणुकीत पडलात. ठाकूर निवडून आला. साक्षीदार मिळाला असता तर तो विधानसभेत नाही, तुरुंगात बसला असता. हे मला त्या दिवशीही कळत होतं.

गेल्या महिन्यात तुम्हाला ताप भरला. छातीत कफ. तरी उशाला टेकून बसलात आणि म्हणालात, "कागद घे. तपास पुन्हा सुरू करा म्हणून शेवटचा अर्ज करू." मी लिहायला लागलो. अज्ञात या शब्दाशी आलो आणि हात चालेना.

"लिही."

"पुरे आता, बापूसाहेब. नऊ वर्षं झाली. कोण देणार साक्ष?"

"तुला पुरे वाटतं. तुझा हात नव्हता मोडला."

मी टाक आपटला. "नाही लिहिणार! एक अक्षर लिहिणार नाही!" तुम्ही म्हणालात, "मग चालता हो. नोकरी सोडून आलास तेव्हा वाटलं होतं माणूस आहेस." मी चालता झालो. तीन दिवस फिरकलो नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जायचो. चौथ्या दिवशी माईंच्या भाच्यानं हाक मारली, ती तुमच्यासाठी बांबू आणायला चला म्हणून.

तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले. माई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर पाण्याचा तांब्या. मी उंबऱ्याशी बसलो आणि सांगितलं. तळं, पायरी, काठी, तीन घाव. तिसरा कुणाचा तेही सांगितलं. मी थांबल्यावर माई म्हणाल्या, "माझ्या हातचं जेवलास तू. नऊ वर्षं."

"हो, माई."

त्यांनी तांब्या उचलला आणि माझ्या कपाळावर घातला. भरलेला, पितळेचा. मी कोलमडलो. दुसऱ्यांदा घातला. डोळ्यांत रक्त आलं, मला काही दिसेना. तिसऱ्यांदा तांब्या वर गेला आणि तसाच राहिला. माईंचा श्वास लागला होता. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ. टांगा आण."

नवऱ्याला जाऊन चौदा दिवस झालेली बाई भर दुपारी टांग्यात बसून ठाण्याकडे निघाली. धारेच्या बाजारात लोक दुकानांतून वाकून बघत होते. माईंनी पदर कपाळावर ओढला नाही. मी समोर बसलो होतो, डोक्याला त्यांच्याच जुन्या लुगड्याची चिंधी. रस्ताभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

फौजदार तरुण होता, भला माणूस वाटला. सगळं ऐकून म्हणाला, "माँजी, नौ साल हो गए. रियासत ही नहीं रही. फाइल कहाँ ढूँढूँ?"

"फाईल नसेल तर नवी लिहा."

"और ये जिन ठाकूरसाहब का नाम ले रहा है, वो अब विधानसभा में हैं."

"माहीत आहे," माई म्हणाल्या. "हे पण होते."

"कौन?"

लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, माईंनी तुमचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा त्या मला पुढे करायच्या. फौजदारानं कागद ओढला, पेन उघडलं. "पती का नाम लिखना पड़ेगा, माँजी. पूरा." मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

मग त्या उभ्या राहिल्या, आणि ठाण्यातल्या शिपायांनीही मान वर करावी अशा आवाजात म्हणाल्या, "त्र्यंबक विश्वनाथ निगुडकर. वकील. माजी सभासद, कायदेमंडळ."

फौजदारानं लिहिलं. "और मुलजिम?"

"हा बसलाय ना समोर. त्याचं नाव मी घेणार नाही. तो स्वतः सांगेल."

मी सांगितलं.